मोरपीस चहातली चेटकीण

नशिराबादच्या तानुबाईला एक खोड होती, आणि ती तिच्या हातांत होती. तोंड एक वेळ गप्प बसायचं, हात बसायचे नाहीत. मातीचा गोळा घेऊन ती बसली की त्यातून कुणाचं ना कुणाचं तोंड वर यायचंच. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून गावातल्या पोरी महिनाभर गुलाबाई बसवतात, रोज गाणी म्हणतात, झाकून आणलेली खिरापत ओळखतात. त्यासाठी गुलाबाई आणि तिचा नवरा गुलोजी, अशी मातीची जोडी लागते. इतर कुंभारांच्या गुलाबाया सगळ्या एका साच्यातल्या, सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा. तानुबाईची प्रत्येक गुलाबाई मात्र गावातलीच कुणीतरी बाई निघायची. कुणाचे पुढे आलेले दात, कुणाची एक भुवई वर, कुणाच्या गालावरची खळी. पोरी खिरापत नंतर ओळखायच्या, आधी गुलाबाई ओळखायच्या.

आणि बायकांचं म्हणाल तर रागवायचं सोडून त्यांची चढाओढ लागायची. "यंदा मले कर ना वं तानुबाई," म्हणून गव्हाची ओंजळ आणून देणाऱ्या बाया होत्या. गुलोजीचे मात्र सगळे चेहरे एकच असत, तिच्या नवऱ्याचे, झुलालचे. दुसऱ्या पुरुषाच्या तोंडाकडे एवढं निरखून बघायचं कसं, असं ती म्हणे. त्यामुळे दर भाद्रपदात झुलालभाऊ घरोघरी वेगवेगळ्या बायकोशेजारी पाटावर बसलेला असायचा आणि महिनाभर पारावर चेष्टा सहन करायचा.

तर अशाच एका भाद्रपदात जळगावचा रुपचंदशेठ गावात आला. शेठचा मोरपीस चहा. चहा बरा होता, पण खपत नव्हता. टीव्हीवर तेव्हा राक्षस, परी, जादूगार यांचा नुसता धुमाकूळ चाललेला. शेठच्या डोक्यात आलं, प्रत्येक पुड्यात एक प्लास्टिकचं बाहुलं टाकायचं. बोटभर उंचीचं. आठ प्रकारची बाहुली, आठही जमवणाऱ्याला स्टीलचा चहाचा डबा. त्याने तानुबाईच्या ओट्यावरच्या गुलाबाया बघितल्या, शेजारून जाणारी खरी बाई बघितली, पुन्हा गुलाबाई बघितली आणि जीपमधून उतरलाच.

"तानुबाई, मला असंच पाहिजे. हुबेहूब. राक्षस बघितला की पोरगं दचकलं पाहिजे."

"राक्षस मी कुठं पाह्यला शेठ?"

"बघितलाय कुणी? तुम्ही करा."

ज्या बाईने जन्मभर माठ, पणत्या, पोळ्याचे बैल आणि देवच घडवले, तिला कुणीतरी येऊन सांगितलं की वाट्टेल ते कर. तानुबाईला आकाश ठेंगणं झालं. वीतभर उंचीचे नमुने करायचे होते. कारखान्यात त्यावरून लहान साचा कापणार होते. तिने सरपंचांच्या घोडीला पंख लावले. जादूगार केला तो भुसावळ गाडीच्या कंडक्टरासारखा, सुटे पैसे गायब करणारा. परी म्हणजे शाळेतल्या नव्या बाई. राक्षसासाठी तिने लांब शोधलं नाही. दुपारी झुलाल तोंड उघडं टाकून घोरत होता, त्याच्या समोर बसून तिने राक्षस उतरवला आणि त्याला वर दोन शिंगं लावली. माती मळताना ती हसायची, भट्टी लावताना हसायची, रंग देताना तर ब्रश हलायचा म्हणून मध्येच बाजूला ठेवून हसून घ्यायची. बेचाळिसाव्या वर्षी बाई पोरीसारखी उड्या मारत होती.

सात झाले. आठवी राहिली चेटकीण. आणि नेमकी तेव्हा सोनगीरची विहीण आली.

तानुबाईची एकुलती लेक मंदा, आदल्या उन्हाळ्यात सोनगीरला दिलेली. सासरही कुंभाराचंच. सासू भिकुबाई म्हणजे धुळ्यापासून शिंदखेड्यापर्यंत जिच्या माठांचं नाव होतं अशी बाई. नाक पोपटासारखं, पुढे येऊन खाली वळलेलं. हनुवटी खालून वर आलेली. दोघांच्या मध्ये एक बोट जाईल एवढीच जागा, आणि हनुवटीवर वाटाण्याएवढा मस. तिने ओट्यावर बसल्या बसल्या गोड बातमी सांगितली, मंदाला दिवस राहिलेत. तानुबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते पुसून होतं न होतं तोच भिकुबाई पुढे म्हणाली:

"आखो एक सांगस ईहीनबाई, राग नका धरा. तुम्ही रुखवतमा जो माठ दिन्हा, तो गयस. नशिराबादनी माटीच खोटी शे."

माठ गळतो! कुंभारणीला कुंभारणीने, तिच्याच ओट्यावर, तिच्याच माठातलं थंडगार पाणी पिऊन सांगावं! पण त्या घरात तानुबाईची लेक दिलेली होती. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, सातव्या महिन्यात ओटी भरून मंदाला घरी आणायचं, आणि ते पाठवणं न पाठवणं भिकुबाईच्या हातात होतं. तानुबाईने विहिणीला पुरणपोळी खाऊ घातली, हसून एसटीत बसवलं, आणि घरी येऊन चेटकीण करायला घेतली.

ती चेटकीण एका बैठकीत झाली. अशी कधीच कुठली मूर्ती झाली नव्हती. हात नुसते धावत होते. मोकळे केस, हातात खराटा, आणि तोंड असं की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरकावं. तानुबाईने ती भाजली, रंगवली, लांब धरून बघितली. आपल्या हातून आजवर झालेलं हे सगळ्यात चांगलं काम, हे तिला कळलं. ते तोंड कुणाचं, एवढं मात्र कळलं नाही.

कळलं ते झुलालला. शेठची जीप आठही नमुने घेऊन वळणावर पोहोचली होती तेव्हा. तो शेतातून येत होता आणि जीपमध्ये टोपलीत वर तोंड करून बसलेली चेटकीण त्याने बघितली होती.

"मंदाची माय," तो दारातूनच ओरडला, "ती तं सोनगीरची भिकुबाई हाये! मसासकट!"

तानुबाई खाली बसली. "माह्या हातानं केलं हो. मी नही केलं."

"तुले दुसरी बाई भेटली नही का? साऱ्या खान्देशात चहाच्या पुड्यातून निघंन आता ईहीन! एक पुडा सोनगीरले गेला की झालं. मंदाले पाठवंन का ती मंग?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने तानुबाई जळगावला, सुकदेव मिस्त्रीच्या साच्याच्या कारखान्यात. मिस्त्री म्हणजे एमआयडीसीतला नावाजलेला कारागीर आणि तितकाच स्वतःवर खूष माणूस. नमुन्यावरून एक काटा फिरवत न्यायचा, की तिकडे यंत्र लोखंडात तसंच लहान तोंड कोरत जायचं. तानुबाईने हात जोडले.

"मिस्तरी, माहं एक ऐका. हे चेटकीन जराक खराब करा."

मिस्त्रीने चष्मा वर केला. "काय करू?"

"खराब. तिचं नाक मोडा. हनोटी कापून टाका. कशीबी होऊ द्या."

"बाई," मिस्त्री उठून उभाच राहिला, "तुमच्या नमुन्यावर मुंगी बसली ना, तर माझ्या साच्यात तिचे पाय दिसतील. मी आणि खराब? शेठला हुबेहूब द्यायचा शब्द दिलाय मी!"

"मंग मले तो नमुना वापस द्या, दुसरा देते."

"तो शेठचा माल आहे."

तानुबाईने विनवलं, रडून बघितलं, शेवटी टेबलावरची चेटकीण पदराखाली घालून पळायचाही प्रयत्न केला. दारापर्यंत पोहोचली होती. मिस्त्रीने ती काढून घेतली, वर चहा पाजला आणि पुन्हा एकदा सांगितलं, काळजी करू नका, एक केससुद्धा इकडचा तिकडे होणार नाही. बिचाऱ्याला वाटलं आपण धीर देतोय.

कामं उरकली तसे मिस्त्रीने नमुने घरी पाठवून न देता स्वतः आणून दिले. मान मात्र खाली. "थोडे किरकोळ बदल करावे लागले," एवढं पुटपुटला आणि पाणीही न पिता गेला. तानुबाईला वाटलं, आता चेटकीण फोडून टाकावी. तिने ती पाट्यापाशी नेऊन ठेवली, वरवंटा उचलला, आणि वरवंटा खाली येईना. एवढं चांगलं काम पुन्हा होणार नव्हतं. शेवटी तिने ती ज्वारीच्या कोठीत, दाण्यांत गळ्यापर्यंत पुरून ठेवली. झुलाल ज्वारी काढायला गेला की दचकून हात मागे घ्यायचा.

संक्रांतीला मोरपीस चहा बाजारात आला. झुलालने पहिला पुडा आणला, दोघांनी दार लावून फोडला. निघाला राक्षस. तानुबाईने तो तळहातावर घेतला, उजेडात नेला आणि तिला हसू आवरेना.

"अव्हो, तुमच्या भुवया खाली घसरल्या!"

खरंच, राक्षसाच्या भुवया नाकाखाली येऊन मिशा झाल्या होत्या. उघडं तोंड बुजलं होतं. शिंगांच्या टोकाला प्लास्टिकची पातळ झालर तशीच राहिली होती, त्यामुळे राक्षस कानटोपी घालून निघालेल्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता. दुसऱ्या पुड्यातून परी आली. रंग देणाऱ्याने डोळ्यांचे ठिपके गालावर दिले होते. घोड्याचे पंख आखडून कानांएवढे झालेले, गावातली पोरं त्याला सरळ गाढव म्हणत. जादूगाराच्या साच्याचे दोन अर्धे एकमेकांवर नीट बसलेच नव्हते, म्हणून त्याचं पोट जळगावकडे सरकलेलं तर पाठ भुसावळकडे. कुठे तिचे वीतभर नमुने, नाकपुडी न् नाकपुडी बोलणारे, आणि कुठे ही मंडळी! तानुबाई पोट धरधरून हसली, मग गप्प झाली, मग थोडी रडली. आपलं काम असं सुजून आलेलं बघवत नव्हतं. आणि सगळी अशीच बिघडली असतील तर चेटकीणही बिघडली असेल, या आशेने काळीज आनंदाने उडत होतं. दोन्ही एकदम चाललं होतं.

पण चेटकीण काही निघेना. दोघं सकाळ-दुपार-संध्याकाळ चहा पीत होते. शेजाऱ्यांना बोलावून पाजत होते. झुलालला तर झोप लागेनाशी झाली, त्यामुळे नव्या राक्षसासाठी घोरणारा नमुनाही राहिला नाही. घरात सहा राक्षस, चार पऱ्या आणि एक पलटण भरेल एवढे घोडे जमले. स्टीलचा डबा वाचावा म्हणून शेठने चेटकिणी मुद्दाम थोड्याच टाकल्यात, अशी आवई उठली. ती बिघडली की हुबेहूब उतरली, हे न कळताच सातवा महिना लागला.

तानुबाई ओटीचं सामान घेऊन निघाली. हिरवी साडी, खोबरं, गहू, फुलांच्या दागिन्यांची वाडी. धुळ्याला गाडी बदलली. सोनगीरचा किल्ला दिसायला लागला तशी तिने डाव्या गालात तंबाखूची नवी गोळी धरली. सगळं त्या एका बोटभर तोंडावर अडलेलं. भिकुबाई चहाबाज होती, आणि हट्टाने आठही बाहुली जमवणाऱ्यांतली होती, हे मंदाने मागेच कळवलं होतं.

दारात पाऊल टाकलं तोच भिकुबाईने तिचा दंड धरला.

"या ईहीनबाई. पह्यले आठे या. आठे देखा!"

भिंतीतल्या फळीवर राक्षस, परी, घोडा, सगळे ओळीने उभे. आणि मधोमध, सगळ्यांच्या पुढे, चेटकीण. तिला हळद-कुंकू लावलेलं. ओटीला आलेल्या बायका दाराशी गोळा झाल्या होत्या आणि पदर तोंडाला लावून खुसखुसत होत्या. मंदाही हसत होती, मोठं पोट सांभाळत.

"वळखा बरं," भिकुबाई म्हणाली, "ही कोन शे?"

तानुबाईने डोळे घट्ट मिटून घेतले.

"अहो, तुम्हीच शेतस! देखा ना, हाई नाक देखा! हाऊ गाल देखा! तमाखूनी गोयी बी तठेच शे!"

बायकांत हशाचा नुसता फटाका फुटला. तानुबाईने पुढे होऊन बघितलं. आणि खरंच की! ते वळलेलं नाक हनुवटीत अडकून प्लास्टिकची चेटकीण साच्यातून सुटत नसणार, म्हणून मिस्त्रीने मधली फट बुजवून टाकली होती. नाक बसकं झालं होतं, तानुबाईचं होतं तसं. मस घासला गेला होता. आणि साच्यात कुठेतरी छिन्नी निसटली असावी, कारण डाव्या गालावर एक गोल फुगवटा आला होता, अगदी तिथे, जिथे तानुबाई सकाळपासून तंबाखूची गोळी धरून ठेवते. आत्ताही होती.

पहिल्यांदा तिला धाप लागावी इतकं हायसं वाटलं. आणि लगेच पायापासून डोक्यापर्यंत राग आला. मी? मी अशी? अहो, ही तुम्ही आहात! तुमचं नाक, तुमची हनुवटी, मी स्वतः केलीय, घरी ज्वारीत पुरून ठेवलीय! शब्द पार ओठांवर आले. तिने गोळी या गालातून त्या गालात फिरवली. मग तिला मंदा दिसली. हिरवी साडी नेसायची वाट बघत उभी असलेली, आईबरोबर घरी यायला निघालेली.

"हो," तानुबाई म्हणाली. "मीच. मीच हाये ती."

भिकुबाईला असा आनंद झाला की काय सांगावं. तिने तानुबाईला मिठीच मारली. "रोज सकायले हिनासंगे भांडस मी," ती सांगू लागली. "चहा पेता पेता. तुम्ही आठे नई ना भांडाले, मंग काय करू? हिले सांगस, तुना माठ गयस. ही काय बोलस नई. मंग माले बरं वाटस." आणि जरा थांबून, बायकांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "माठ गयत नई ईहीनबाई. लोके मन्हा माठ सोडीसन त्यालेच चांगला म्हनेत, मंग मन्हा जीव जये."

ओटी भरली. भिकुबाईने मंदाला स्वतः एसटीत बसवलं, मांडीवर उशी ठेवली आणि कंडक्टरला दम दिला की गाडी हळू चालव. तानुबाई खिडकीशी बसून धुळ्यापर्यंत हसत होती आणि तिथून पुढे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला चेटकीण केलं, ती बाई आपल्याशी बोलायला मिळत नाही म्हणून प्लास्टिकशी बोलत बसली होती.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर मंदाला मुलगी झाली. बारशाला भिकुबाई सोनगीरहून आली ती टोपडी, झबली, डिंकाचे लाडू आणि कनवटीला बांधलेली चेटकीण घेऊन. तिने दोरा ओवून चेटकीण पाळण्याच्या दांडीला बांधली. "हाई तुनी नशिराबादनी आजी," तिने नातीला सांगितलं. नात टक लावून बघत राहिली.

तानुबाईलाही बघत राहावं लागलं. पाळण्यावर तेवढं एकच तोंड लोंबत होतं, तेही सुकदेव मिस्त्रीच्या हातचं, सुजलेलं, खोटं. दुसऱ्या आजीचं तोंड घरात होतं. खरं होतं, आजवर केलेल्यांत सगळ्यात चांगलं होतं, आणि ज्वारीत पुरलेलं होतं. तिला राहवेना. ती आत गेली. कोठीत हात घालून तिने नमुना बाहेर काढला, मूर्तीच्या मुठीतला खराटा उपसून कट्कन मोडला, मोकळ्या केसांवर झबल्याचं उरलेलं कापड पदरासारखं घातलं. झुलाल "अवं, काय करू राह्यली" म्हणेपर्यंत ती बाहेर येऊन भिकुबाईपुढे उभी होती.

"दोन्ही आज्या पाहिजे," ती म्हणाली. "ह्या तुम्ही."

भिकुबाईने मूर्ती हातात घेतली. नाकावरून बोट फिरवलं, हनुवटीवरून फिरवलं, मसावर थांबलं. मग भिकुबाईने कुंभारीण माठ वाजवून बघते तसं मूर्तीला बोटाच्या पेराने टकटक केलं. मूर्ती खणखणीत वाजली.

"माटी पक्की शे," ती म्हणाली.

तानुबाईला रडू फुटणार होतं.

भिकुबाईने मूर्तीची मूठ उजेडाकडे धरली. मुठीत आरपार भोक होतं. तिने त्यातून पाळण्यावरच्या प्लास्टिकच्या चेटकिणीकडे बघितलं, तिच्या हातातल्या खराट्याकडे बघितलं, पुन्हा भोकाकडे बघितलं. मग वर बघून शांतपणे विचारलं:

"पन ईहीनबाई, हिना खराटा कोठे शे?"

आणि तानुबाईने तोंडावर पदर घ्यायच्या आत भिकुबाईच आधी हसली. इतकी हसली की नाक खरोखरच हनुवटीला जाऊन टेकलं, आणि पाळण्यातली नात दचकून रडायला लागली.